सरकारी गोषवाऱ्यातला 'दीनबंधु'

२४ एप्रिल १८९०. मुंबईत गिरणी कामगारांची सभा, सुमारे १० हजार माणसं, रविवारच्या सुट्टीची मागणी, आणि बोलणाऱ्यांत दोन गिरणी कामगार बायका. पीएचडीच्या वहीत पहिल्या पानावर मी एवढंच लिहून ठेवलं होतं. त्या दोघी काय बोलल्या, हे मला शोधायचं होतं. माझी आजी ८२ च्या संपापर्यंत परळच्या गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. त्यामुळे माझ्यासाठी हा नुसता प्रबंधाचा विषय नव्हता.

वाट सरळ दिसत होती. सभा भरवणारे नारायण मेघाजी लोखंडे स्वतःच 'दीनबंधु' चालवत होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेलं हे सत्यशोधकी पत्र त्यांनी १८८० पासून मुंबईत हाती घेतलं. म्हणजे त्या आठवड्याचा अंक काढायचा आणि वाचायचा, असं मी धरून चालले होते. माझ्या गाइड मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, पण अंक पाहिलेस का कुठे?"

पाहिले नव्हते. पेट ही पीएचडीची प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, समितीसमोरचं सादरीकरण हे रीतसर पार पडलं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. खरा वेळ गेला तो अंक शोधण्यात. एका जुन्या ग्रंथालयात कार्डावर 'दीनबंधु' होता, कपाटात नव्हता. दुसऱ्या ठिकाणी एक बांधीव खंड निघाला, पण बऱ्याच नंतरच्या वर्षांचा. दोन पानं उलटली तर कडेचे तपकिरी तुकडे टेबलावर पडायला लागले. मी ते तुकडे गोळा करून त्याच पानात ठेवले, खंड मिटला आणि परत केला. पुढे वाचलं असतं तर माझ्यानंतर कुणाला ते पान मिळालं नसतं. त्याच काळातला 'केसरी' मात्र वाचायला मिळत होता. त्याच्यामागे संस्था राहिली, वाडा राहिला. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने गेले, आणि महिनाभराने पुण्यात सावित्रीबाईही प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. त्या माणसांचे कागद जपायला वाडा नव्हता, ही गोष्ट मला आजही टोचते.

मग मॅडमनीच काळा घोड्याला जायला सांगितलं. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. गाइडचं पत्र द्यायचं, फॉर्म भरायचा, शाईचं पेन बाहेर ठेवून पेन्सिल घ्यायची, मागणीची चिठ्ठी लिहायची आणि बसून राहायचं. देशी पत्रं काय लिहितात याच्यावर इंग्रज सरकारची नजर असायची. मुंबई सरकारचा ओरिएंटल ट्रान्सलेटर दर आठवड्याला त्या पत्रांचा इंग्रजीत गोषवारा तयार करायचा, आणि तो छापून गोपनीय म्हणून वरच्या अधिकाऱ्यांकडे जायचा. देशी पत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा पुढे चारच वर्षांत रद्द झाला. हे गोषवारे मात्र चालूच राहिले.

सुरुवातीला पत्रांची यादी असायची: नाव, गाव, किती प्रती निघतात. मग आकडे घातलेले परिच्छेद. त्या यादीत 'दीनबंधु' पहिल्यांदा दिसला तेव्हा मी इंग्रजी स्पेलिंगमधलं ते नाव तीन-तीनदा वाचलं. आनंद फार टिकला नाही. अख्खा लेख चार ओळींत आटपलेला. लोखंड्यांचा 'आम्ही' तिथे 'हे पत्र म्हणते' झाला होता. ज्या पत्राने कष्टकऱ्यांना त्यांच्या बोलीत हाक मारली, ते माझ्यापर्यंत त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्यांच्या भाषेत पोचत होतं.

तीन आठवडे मी काहीच लिहिलं नाही. मग एक उपाय सुचला. ज्या पत्राचा मूळ अंक हाताशी आहे, त्याचा गोषवारा घ्यायचा आणि अनुवादक मूळ मजकूर कसा वाचायचा ते आधी शिकायचं. सहा महिने मी 'केसरी'चा एकेक अंक आणि त्याच आठवड्याचा सरकारी सारांश शेजारी ठेवून वाचला. वहीत दोन रकाने: काय राहिलं, काय गळलं. म्हणी गळायच्या, टोमणे गळायचे, वाचकाला थेट घातलेली साद गळायची. 'नाहीं', 'जें', 'त्यांस' अशा अनुस्वारांनी भरलेल्या चांगल्या हातभर वाक्याचं दोन शब्दांचं मत व्हायचं. एखाद्या अधिकाऱ्यावर टीका असली, कायद्याचा विषय असला, की मात्र सारांश लांबायचा. सरकारला लागेल तेवढंच अनुवादक उचलायचा.

हे कळल्यावर 'दीनबंधु'चे परिच्छेद मला वेगळे दिसायला लागले, आणि १८८४ चा अर्जही. त्या सप्टेंबरात परळच्या सभांमधून सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनसाठी अर्ज तयार झाला. त्यावर साडेपाच हजार कामगारांची सही होती. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, मागच्या महिन्याचा पगार १५ तारखेच्या आत, अपघात झाला तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार. हा अर्ज सरकारसाठीच लिहिलेला, म्हणून कलमावार टिकला. त्या दोघी सरकारशी बोलत नव्हत्या, समोरच्या आपल्या माणसांशी बोलत होत्या. त्या बोलल्या एवढीच नोंद माझ्या हाती लागली.

एका संध्याकाळी आजीला हे सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "सुट्टीच नव्हती, तर डोकं कधी धुवायच्या गं त्या?" मला उत्तर देता आलं नाही. साडेसहा ते सूर्यास्त ही तर मागणी होती, म्हणजे प्रत्यक्ष दिवस त्याहून लांब. त्यात पाणी, चूल, मुलं. त्या रात्री मी ते प्रकरण पहिल्यापासून लिहायला घेतलं. गिरणी मालकांच्या संघाने १० जून १८९० ला सुट्टी मान्य केली, या निकालापासून न लिहिता सुट्टी नसलेल्या आठवड्यापासून. आजीच्या खात्यातल्या चार जणींच्या मुलाखतीही घेतल्या. त्या १८९० चा पुरावा नाहीत, हे मी तळटीपेत स्वच्छ लिहिलं.

व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. मूळ अंकच नाहीत, तर पत्राची भूमिका ठामपणे कशी सांगता? मी दोन रकान्यांची वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी बरीच पानं चाळली आणि म्हणाले, "ही परिशिष्टात का नाही?" मग ती टाइप करून जोडली, एकूण ४१ पानं.

मूळ वही सध्या माझ्याकडे नाही. मुकुंदराव पाटलांच्या 'दीनमित्र' या सत्यशोधकी पत्रावर काम करणारी एक ज्युनिअर मुलगी ती घेऊन गेली आहे. परवा तिचा फोन आला होता, 'दीनमित्र' जिथून निघायचं त्या तरवडीला ती जाऊन आली म्हणाली.