गरम इंजिन आणि फाटलेला पडदा

गेल्या मे महिन्यात फोंड्यातील माझ्या गॅरेजमध्ये टोचन करून आणलेली मर्सिडीज २३० ई ही १९८० च्या दशकातली गाडी होती आणि तिचे मालक आखातातील नोकरी संपवून परतताना ती सोबत घेऊन आले होते. सकाळी एका सेल्फला सुरू होणारी ही गाडी मंगेशीला दर्शनासाठी अर्धा तास बंद ठेवली की बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारूनही दाद देत नसे. आधीच्या गॅरेजने प्लग, कॉइल आणि शेवटी पेट्रोलचा पंपही बदलला होता. "मेस्त्री, पंप तर नवाच घातलाय," असे काका पुन्हा पुन्हा सांगत होते.

या गाडीत बॉशची के-जेट्रॉनिक ही १९७३ पासून वापरात आलेली यांत्रिक इंजेक्शन प्रणाली आहे. इंजिनाने ओढलेली हवा एक गोल तबकडी उचलते, तबकडीचा दांडा फ्युएल डिस्ट्रिब्युटरमधला (पेट्रोल वाटून देणाऱ्या भागातला) प्लंजर म्हणजे दट्ट्या वर ढकलतो आणि प्लंजर जितका वर जाईल तितके जास्त पेट्रोल चारही इंजेक्टरांतून अखंड फवारले जाते. वॉर्म-अप रेग्युलेटर प्लंजरवर वरून उलट दाब ठेवतो, तोच नियंत्रण दाब. सारा कारभार दाबाचा असल्यामुळे गेज लावल्याशिवाय हिचा एकही नट सैल करू नये, असे माझे ठाम मत आहे. डिस्ट्रिब्युटर खोलून पाहण्याचा मोह तर महागातच पडतो.

गेज लावले. चालू इंजिनावर मुख्य दाब पाच बारच्या (बार हे दाबाचे एकक) वर आणि गरम झाल्यावरचा नियंत्रण दाब साडेतीनच्या आसपास, म्हणजे दोन्ही ठीक होते. इंजिन बंद केले आणि काटा काही मिनिटांतच शून्यावर आला. खरे तर अर्ध्या तासानंतरही नळ्यांत दोन बारहून अधिक दाब टिकायला हवा, कारण तो गेला की बॉनेटखालच्या उष्णतेने नळ्यांतल्या पेट्रोलची वाफ होते आणि इंजेक्टरांना द्रव पेट्रोल मिळतच नाही. रात्रभर थंड झालेल्या गाडीत ही वाफ उरत नाही, शिवाय कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह जादा पेट्रोल देतो, म्हणून सकाळी तक्रार नसे.

इंजेक्टर काढून पाहिले, ते कोरडे होते, म्हणजे दाब तिथून गळत नव्हता. मग गाडी वर उचलली. मागच्या ॲक्सलजवळ पंपाशेजारीच ॲक्युम्युलेटर बसवलेला असतो आणि गाडी बंद असताना दाब धरून ठेवणे हेच त्याचे काम. त्याच्या मागची बारीक रबरी नळी काढली, तर जिथे थेंबही दिसायला नको तिथून पेट्रोल वाहू लागले. आतला पडदा फाटला होता आणि पेट्रोल त्यातून आतल्या आत पंपाच्या ओढीच्या बाजूला परत जात होते. जमिनीवर डाग नाही, वास नाही. पंपावर संशय जाणे स्वाभाविकच होते.

मुंबईहून मागवलेला नवा ॲक्युम्युलेटर बसवताना रबरी नळ्याही बदलल्या, कारण हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा स्क्रूही आधी कोणीतरी फिरवून ठेवला होता. तीन मिलिमीटरच्या लांब ॲलन कीने, धुराचे मोजमाप घेत तो जागेवर आणला. आता इंजिन बंद केल्यानंतर अर्ध्या तासाने काटा अडीच बारच्या वर होता आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

काढलेला जुना पंप काकांनी डिकीत जपून ठेवला होता. तोही तपासला, त्याचा चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप, अजून दाब धरत होता. सुटा भाग म्हणून तो गाडीतच राहू द्या, असे मी त्यांना सांगितले.