आवाज उतरवल्यावर

ओअॅसिस या मँचेस्टरच्या बँडच्या वाटचालीवर तासाभराचा रेडिओ कार्यक्रम जोडण्याचे काम अलीकडे माझ्याकडे आले. अशा कामात निम्मा वेळ निवेदकाचे श्वास आणि खाकरणे छाटण्यात जातो, आणि उरलेला वेगवेगळ्या काळातली गाणी एकाच लाउडनेसवर, म्हणजे कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या मापात उणे २३ एलयूएफएसवर (LUFS) आणण्यात.

बँडचा पहिला अल्बम 'डेफिनिटली मेबी' (१९९४) आधी वेल्समधल्या मॉनो व्हॅली स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला होता. तो फिका वाटला म्हणून 'स्लाइड अवे' हे गाणे वगळता बाजूला पडला. मग कॉर्नवॉलच्या सॉमिल्स स्टुडिओत वाद्यांमध्ये आडोसे न लावता सगळे एकत्र वाजवायला बसले, आणि ध्वनितंत्रज्ञ ओवेन मॉरिस यांनी वरून चढवलेले गिटारींचे थर उतरवून, आवाज दाबून (म्हणजे मोठ्या आणि हळू आवाजातला फरक कमी करून) आणि मग वर चढवून अंतिम मिक्स, म्हणजे सगळ्या वाद्यांची एकत्र जुळणी, केले. टाकून दिलेली मॉनो व्हॅलीची गाणी २०२४ साली प्रसिद्ध झाली, त्यामुळे 'रॉक अँड रोल स्टार'च्या दोन्ही प्रती मला शेजारी लावता आल्या. 'गाजलेली प्रत मोठ्याने वाजते, म्हणून ती आवडते' असे मी आजवर ठामपणे सांगत आलो होतो. लाउडनेस समान केल्यावर हे कारण उरत नाही. तरीही पहिल्या प्रतीत वाद्ये शिस्तीत आपापल्या जागी राहतात, आणि दुसरीत गिटारी एकमेकींत घुसतात व गाणे पुढे झेपावते. अर्थात मॉनो व्हॅलीची गाणी प्रकाशनासाठी नव्याने मिक्स केलेली असल्याने ही तुलना निखळ नाही.

'बी हिअर नाऊ' या अल्बमला (१९९७) मात्र समान लाउडनेसची तीच पट्टी लावली, तर एकावर एक चढवलेल्या गिटारींची भिंत तेवढी उरते. बँडचे गिटारवादक आणि गीतकार नोएल गॅलघर यांनी २०१६च्या आवृत्तीसाठी त्यातले एकच गाणे नव्याने मिक्स केले, याचे मला मुळीच नवल वाटत नाही.

आमच्या निर्मात्याला हे सगळे कंटाळवाणे वाटले. २००९ साली पॅरिसमध्ये नोएल आणि बँडचा गायक लिअम या भावाभावांत झालेल्या भांडणाला त्याने पाऊण भाग दिला. भांडण कोणालाही सांगता येते, आणि रेडिओवाल्यांना ते फार सोपे पडते. दोन्ही प्रतींचे छोटे तुकडे लागोपाठ ठेवण्याची परवानगी मी हुज्जत घालून मिळवली. त्या झेपेत एकत्र वादनाचा वाटा किती आणि मॉरिस यांच्या दाबणीचा किती, हे सुट्या ट्रॅकांशिवाय, म्हणजे एकेका वाद्याच्या वेगळ्या ध्वनिमुद्रणाशिवाय, मला वेगळे काढता येत नाही, आणि ते ट्रॅक माझ्यापर्यंत येणार नाहीत.