हितं गाडी नाय

"अगं, हात धर!" घारापुरीच्या जेट्टीवर उतरल्यापासून मी लेकीवर ओरडत होते. पायऱ्यांशी कैऱ्या विकणाऱ्या मावशी शेवटी म्हणाल्या, "सोडा की तिला. हितं गाडी नाय."

मी हात सोडला. ती पळतच सुटली.

लेण्यात डोळे मिटलेल्या सदाशिवासमोर उभी राहिले, तरी मनात तेच वाक्य. गेटवेपासून लाँचने जेमतेम तासाभराचं हे बेट, आणि समुद्राखालून वीज पोचली ती २०१८ मध्ये. इथलं जगणं सोपं नाही, कळतं मला.

पण संध्याकाळी गेटवेला उतरलो आणि लेकीने न सांगता माझा हात घट्ट धरला. पोटात कालवलंच.

सहा वर्षांच्या पोरीला ही भीती मी कधी शिकवली?