विचारायचं कुणाला?

"यांना काय कळतंय, तुम्ही सांगा ना," काउंटरवरच्या बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. दादा शेजारीच उभा होता, स्वतःचं पासबुक हातात घट्ट धरून.

प्रश्न साधा होता. पैसे बचत खात्यातच ठेवायचे की एफडी करायची?

दादाला बौद्धिक अपंगत्व आहे. व्याजाचा हिशोब त्याला जमत नाही. पण पैसे लगेच काढता यायला हवेत, हे त्याने घरीच सांगितलं होतं. गणपतीत आईला साडी घ्यायचीय. याहून स्पष्ट उत्तर कुठल्या ग्राहकाचं असतं?

मग बाईंनी पालकत्वाचं प्रमाणपत्र मागितलं, म्हणजे दादाच्या वतीने कायदेशीर निर्णय कुणी घ्यायचे ते सांगणारा कागद. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कलेक्टरांची स्थानिक समिती देते ते. मला त्याची धास्ती वाटते. एकदा तो कागद आला की दादाकडे बघायचीही कुणाला गरज उरणार नाही.

२०१६चा अपंग हक्क कायदा तर मर्यादित पालकत्वाचं बोलतो: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, पालक आणि तो माणूस दोघांनी मिळून आणि त्या माणसाच्या इच्छेप्रमाणे. काउंटरपर्यंत हे पोचलेलंच नाही.

ज्यांच्या घरी असं प्रमाणपत्र आहे त्यांना विचारते, ते आल्यावरही आपल्या माणसाचा शब्द चालावा म्हणून तुम्ही काय करता?