जुने हॉर्न स्पीकर : आधी दुरुस्ती, मग सुधारणा

कर्ण्यातून आवाज बाहेर सोडणारे जुने हॉर्न स्पीकर घरी आणणारे बरेच जण लगेच क्रॉसओव्हर, म्हणजे खर्ज, मध्य आणि तार स्वर वेगवेगळ्या ड्रायव्हरांना (ध्वनी निर्माण करणाऱ्या भागांना) वाटून देणारे सर्किट, बदलायला घेतात, ते मला पटत नाही. साठ-सत्तर वर्षांच्या पेटीतून आज जो आवाज येतो, तो तिच्या रचनाकाराने ठरवलेला आवाज क्वचितच असतो. बिघडलेले कपॅसिटर, हवा सोडणाऱ्या फटी आणि काळवंडलेले जोड यांनी मिळून तो बनलेला असतो. म्हणून पेटी आधी मूळ अवस्थेत आणावी, मायक्रोफोन लावून तिचा आलेख घ्यावा, काही काळ ती नुसती ऐकावी आणि मगच काय सुधारायचे ते ठरवावे, या क्रमाबद्दल मी आग्रही आहे.

या स्पीकरची कार्यक्षमता लक्षात घेतली की हा आग्रह का, ते कळते. साधा कोन थेट हवेत हलतो तेव्हा त्याला दिलेल्या विद्युतशक्तीचा शंभरातला एखादाच भाग ध्वनीत उतरतो. हॉर्न मात्र चिंचोळ्या घशापासून रुंद तोंडापर्यंत हवेचा दाब टप्प्याटप्प्याने उतरवत नेतो आणि हे प्रमाण अनेक पटींनी वाढवतो. 1926 मध्ये आलेला वेस्टर्न इलेक्ट्रिकचा 555 हा ड्रायव्हर मोजक्या वॅटच्या अँप्लिफायरवर चित्रपटगृहे भरून टाकत असे, तो याच बळावर. 1946 पासून विकल्या जाणाऱ्या क्लिप्शहॉर्न या कोपऱ्यात ठेवायच्या स्पीकरची संवेदनशीलता एका वॅटला, एका मीटरवर, 100 डेसिबलच्या वर आहे. ड्रायव्हरच्या कंप पावणाऱ्या पडद्याला फारसे हलावे लागत नसल्याने विकृती कमी राहते आणि सुरांची धार टिकते, हे खरेच. पण त्याच कार्यक्षमतेमुळे अँप्लिफायरची बारीक सळसळही खोलीभर ऐकू येते आणि वाटेतला प्रत्येक दोष उघडा पडतो.

दुरुस्तीची सुरुवात मी कपॅसिटरपासून करतो. तेलात बुडवलेल्या कागदाचे जुने कपॅसिटर काळाबरोबर आपली धारकता बदलतात, शिवाय त्यांचा अंतर्गत रोध वाढतो. त्यामुळे ट्विटरला, म्हणजे तार स्वरांच्या ड्रायव्हरला, पोचणारी शक्ती घटते आणि वरची पट्टी मंदावते. नवे पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर लावल्यावर आवाज फार तेज झाल्याची तक्रार अनेक जण करतात, आणि पुष्कळदा ती तेजी मूळ आराखड्यातलीच असते, मधल्या वर्षांत फक्त हरवलेली. पूर्वीच्या काही तेलाच्या कपॅसिटरांत पीसीबी हे विषारी द्रव्य असे, म्हणून ओघळलेल्या डब्याला हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नये आणि तो नेहमीच्या कचऱ्यात टाकू नये. कपॅसिटर बदलताना धारकतेचे मूल्य तेच ठेवावे. कॉइल आणि पातळी कमी करणारा ऑटोट्रान्सफॉर्मर सहसा बिघडत नाहीत, ते तसेच राहू द्यावेत. पातळी फिरवण्याच्या जुन्या वायर-गुंडाळीच्या बटणांचा गंज मात्र साफ करावा लागतो, कारण त्यांचा संपर्क मध्येच तुटतो आणि दोष ट्विटरवर येतो.

कॉम्प्रेशन ड्रायव्हर, म्हणजे हॉर्नच्या घशामागे बसवलेला ड्रायव्हर, उघडण्याचे काम संयमाचे आहे. पडदा आणि त्यासमोरचा फेज प्लग (ध्वनीला घशाकडे वाट देणारा ठोकळा) यांच्यात मिलिमीटरपेक्षाही कमी अंतर असते, आणि पडद्याला हलवणारी व्हॉइस कॉइल चुंबकाच्या ज्या फटीत चालते तीही फार अरुंद असते. लोखंडाचा कीस तिथे चिकटला की हलक्या आवाजातही खरखर सुरू होते. जाड कागदाच्या कडेला चिकटपट्टी गुंडाळून ती फटीतून फिरवली की कीस निघून येतो. नवा पडदा बसवताना कमी पातळीचा साइन स्वर हळूहळू वरखाली फिरवत ऐकावे आणि खरखर पूर्ण थांबेल अशा जागी स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडेथोडे आवळावेत. अल्निको या मिश्रधातूच्या चुंबकाचा सांगाडा मात्र सोडवू नये, कारण चुंबक आपल्या लोखंडी वलयातून बाहेर काढला की त्याची ताकद घटते आणि ती पुन्हा भरून घ्यावी लागते. मूळ ॲल्युमिनियमच्या जागी टायटेनियमचा पडदा ही सुधारणा म्हणून विकली जाते. टायटेनियम जास्त टिकतो, पण मला तो बदल नको वाटतो, कारण वरच्या पट्टीत त्याची स्वतःची किणकिण कानाला जाणवते.

लाकडाच्या पेटीकडे फार थोडे जण लक्ष देतात, पण खर्जाचा सगळा भार तिच्यावरच असतो. 40 हर्ट्झची ध्वनिलहर साडेआठ मीटरांहून लांब असते. तिच्यासाठी लागणारे हॉर्नचे तोंड घरात मावणे शक्य नाही, म्हणून क्लिप्शहॉर्नचे रचनाकार पॉल क्लिप्श यांनी खोलीचा कोपराच हॉर्नचा शेवटचा भाग म्हणून वापरला. साहजिकच पेटी आणि भिंत यांच्यात फट राहिली की हॉर्नची सलगता तिथेच तुटते. वूफरमागच्या (खर्जाच्या ड्रायव्हरमागच्या) कोठडीचे झाकणही हवाबंद असले पाहिजे, तिथले जुने वाळलेले गॅस्केट बदलावे. सुटलेले प्लायवूडचे सांधे गोंद भरून शिकंज्यात धरावेत. धातूचा हॉर्न बोटाने ठोकल्यावर घंटेसारखा वाजत असेल तर त्याला बाहेरच्या बाजूने रबरी थर द्यावा. आतल्या पृष्ठभागाला काहीही चिकटवू नये.

एवढे झाल्यावर सुधारणेचा विचार करावा, आणि माझ्या मते खरी सुधारणा एकच आहे, ती म्हणजे वेळेची. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटीमीटर जातो, आणि खर्ज, मध्य व तार यांचे हॉर्न वेगवेगळ्या लांबीचे असल्याने एकच ठोका कानापर्यंत तुकड्यातुकड्यांनी पोचतो. हा प्रश्न 1930 च्या दशकात एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीच्या ध्वनिविभागाला टॅप नृत्याच्या पावलांमुळे कळला होता, एका पावलाचे दोन आवाज ऐकू येत होते. तेव्हा उपाय एकच होता, हॉर्नच्या लांबी जुळवणे. आज डिजिटल क्रॉसओव्हर प्रत्येक मार्गाला हवा तेवढा विलंब देतो, आणि मूळ स्पीकरला एक ओरखडाही न काढता जुना क्रॉसओव्हर बाजूला ठेवता येतो. विलंब नीट बसला की तबल्याची थाप एकाच जागेवरून, एकसंध उमटते, आणि ती ऐकल्यावर मला मागे जावेसे वाटत नाही.

ड्रायव्हर निरनिराळ्या कंपन्यांचे असतील तर विलंब मोजण्याआधी ध्रुवता तपासावी. जेबीएलच्या जुन्या ड्रायव्हरांत लाल टोकाला धन विद्युतदाब दिला की कोन आत जातो, इतरांच्या नेमके उलट. शिवाय जुना क्रॉसओव्हर काढून अँप्लिफायर थेट कॉम्प्रेशन ड्रायव्हरला जोडला की सुरू-बंद करतानाच्या एखाद्या धक्क्याने पडदा फाटू शकतो. 16 ओहमच्या ड्रायव्हरच्या मालिकेत 50 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवला तर तो 200 हर्ट्झच्या आसपासपासून खालचे स्वर उत्तरोत्तर कमी करत जातो, आणि 800 हर्ट्झच्या क्रॉसओव्हरमध्ये फारसा हस्तक्षेप करत नाही. खर्जाचा दुमडलेला हॉर्न सर्वांत लांब असल्याने बाकीच्या दोन्ही मार्गांना त्याच्यासाठी थांबवावे लागते. संगीत ऐकताना हा काही मिलिसेकंदांचा उशीर जाणवत नाही, पण त्याच स्पीकरवर चित्रपट पाहायचा असेल तर प्रोसेसरचा स्वतःचा उशीरही त्यात मिळवून चित्रालाही तेवढाच उशीर द्यावा.