पाचगणीची हवा आणि शरीराची दुरुस्ती

निसर्गोपचाराचे मूळ विधान असे आहे की, बरे होण्याची शक्ती शरीरातच असते आणि उपचारकाने केवळ तिच्या वाटेतले अडथळे दूर करायचे असतात. सातारा जिल्ह्यातील माणसाला हा विचार परका वाटत नाही. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार इथूनच केला. तुरुंगातून सुटल्यानंतर १९४४ मध्ये गांधीजी पाचगणीला येऊन राहिले होते आणि १९४६ मध्ये त्यांच्या प्रेरणेने शेजारच्या पुणे जिल्ह्यात उरुळीकांचनचा निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. मला मात्र या विधानाचे केवळ कौतुक करायचे नाही. ते कुठपर्यंत खरे आहे, हे पाहायचे आहे.

ऊसतोडीत कोयता निसटून पोटरीला लागला, तर डॉक्टर जखम धुतात, टाके घालतात आणि धनुर्वाताचे इंजेक्शन देतात. कातडी जुळवण्याचे काम त्यानंतर शरीरच करते. प्लेटलेट या रक्तातील बारीक पेशी रक्तस्राव थांबवतात, फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांचे जाळे तयार होते, पांढऱ्या पेशी जंतू आणि मृत पेशी साफ करतात, मग नवीन रक्तवाहिन्या फुटतात आणि कातडीला बळकटी देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाचे धागे विणले जातात. जी सूज आणि उष्णता आपल्याला आजार वाटते, ती या दुरुस्तीचाच भाग असते. एवढे असूनही व्रणाची कातडी मूळच्या कातडीइतकी बळकट कधीच होत नाही; फार तर सुमारे ८० टक्के ताकद परत येते. यकृताचा मोठा भाग काढला तरी उरलेला भाग वाढून तेवढे काम करू लागतो, पण हृदयाचा स्नायू एकदा मेला की त्याच्या जागी व्रणच राहतो. म्हणजे ही शक्ती खरी आहे. मात्र प्रत्येक अवयवात ती सारखी नाही.

अडथळ्यांबाबत निसर्गोपचाराचे म्हणणे मला पटते. रक्तातील वाढलेली साखर, तंबाखू, अपुरी झोप, कमी प्रथिने या सगळ्यांमुळे जखम रेंगाळते. पण लुई कून या जर्मन उपचारकाने सर्व रोगांचे मूळ एकच, शरीरात साचलेले विजातीय (म्हणजे शरीराला परके) द्रव्य, असे सांगितले आणि कटिस्नानासारख्या (कंबर पाण्यात बुडवून बसण्याच्या) उपायांनी ते बाहेर काढायला सुचवले. तिथे मी थांबतो. मलेरियाचा परजीवी, गलगंड आणि मुतखडा यांचे कारण एक नाही. भरून येणाऱ्या जखमेला प्रथिने लागत असताना दीर्घ उपवास करणे तर स्वतःच एक अडथळा ठरते.

या विचाराची सर्वांत मोठी कसोटी आपल्याच भागात लागून गेली आहे, याची आठवण फार थोड्यांना असते. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणीला क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम काढले. मिरजेजवळच्या वानलेसवाडीतही असे आरोग्यधाम होते. त्या काळी क्षयाच्या जंतूला मारणारे औषधच नव्हते. उंचावरची कोरडी हवा, ऊन, सक्तीची विश्रांती आणि सकस आहार, म्हणजे आज निसर्गोपचार म्हणून जे सांगितले जाते त्यातील बरेचसे, हाच मुख्य आधार होता. काही रुग्ण खरोखर बरे होऊन घरी गेले, अनेक जण गेले नाहीत. पुढे १९४३ मध्ये क्षयाच्या जंतूला मारणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा शोध लागला आणि १९५२ पासून आयसोनियाझिड हे दुसरे औषध वापरात आले. मद्रासमध्ये रुग्णांचे दोन गट करून एकाला आरोग्यधामात आणि दुसऱ्याला शहरातल्या गरीब घरांतच ठेवून दोघांनाही एक वर्ष सारखीच औषधे दिली गेली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारलेले दिसले, जरी घरच्या रुग्णांना आहार आणि विश्रांती दोन्ही कमी मिळाली होती. पाचगणीची हवा आजही मला प्रिय आहे, पण क्षयाच्या उपचारात तिची जागा त्या अभ्यासाने स्पष्ट केली.

तरी गोष्ट इथे संपत नाही. क्षयाचा जंतू शरीरात शिरलेल्या बहुतेक माणसांना आयुष्यभर क्षय होत नाही, कारण त्यांची प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना पोषक शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. आजार जडण्यापूर्वी शरीराला दिलेली साथ इतके काम करते. जडल्यानंतर मात्र औषध लागते. निसर्गोपचाराचे खरे क्षेत्र मला या पहिल्या भागात आणि मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा यांसारख्या रोजच्या राहणीशी जोडलेल्या विकारांत दिसते.

कराडकडचे आमचे एक नातेवाईक जुन्या मधुमेहाचे रुग्ण आहेत. पायाच्या तळव्याला जखम झालेली त्यांना कळलीच नाही, कारण तिथली संवेदना गेली होती. मातीपट्टीने ती भरेल या आशेने ते एका निसर्गोपचार केंद्रात गेले. तिथल्या डॉक्टरांनी पाय पाहताच त्यांना दाखल करून न घेता आधी सर्जनकडे पाठवले, आणि माझा त्या केंद्रावरचा विश्वास त्या नकारामुळेच बसला. जखम भरल्यावर ते पुन्हा तिथे गेले, आहार बदलला, वजन उतरले. त्या वेळी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलूनच साखरेच्या गोळ्या कमी केल्या गेल्या. हे बोलणे अत्यंत आवश्यक होते, कारण जेवण घटवून गोळ्या किंवा इन्सुलिन तसेच चालू ठेवले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. आणि आपल्याच मनाने गोळ्या बंद केल्या, तर ती पुन्हा चढते.