विझवून आणलेला दिवा

दुपारी तीनच्या सुमाराला सर गाडी घेऊन आले. "मिस्त्री, उद्या पहाटे तिरुपतीला निघायचंय. चढाला गाडी जरा मिसिंग करतीय, तेवढं बघा."

मीटरवर इंजिनाचा बिघाड दाखवणारा दिवा नव्हता. स्कॅनर लावला, तर बिघाडाचा कोडही नाही. मिसिंग आहे आणि ईसीएमला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, पत्ता नाही, हे पटेना. मग मॉनिटरचं पान उघडलं. ऑक्सिजन सेन्सर, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांच्या चाचण्या ईसीएम गाडी चालता चालता स्वतःच घेत असतो. इथं त्यातल्या बऱ्याच अपूर्ण. रोजच्या वापरातल्या गाडीत असं दिसलं की समजायचं, नुकताच कुणीतरी कोड पुसलाय, नाहीतर बॅटरी काढलीय.

"सर, दिवा कुठं घालवून आणलात?"

सर ओशाळले. "काल एकानं पाच मिनिटांत घालवला. प्लगही त्यानंच टाकलेत, मागच्या महिन्यात."

कोड पुसताना बिघाड झाला त्या क्षणाची नोंदही पुसली जाते. इंजिन किती आरपीएमला होतं, किती तापलं होतं, लोड किती, सगळं. चोर गेला तो गेला, वर पाऊलखुणाही सारवल्या. आता तो दिवा परत पेटवणं हेच माझं काम होतं.

सरांना शेजारी बसवून यवतेश्वरचा घाट धरला. तिसऱ्या गिअरला दाबून चढवली आणि दुसऱ्या वळणानंतर दिवा नुसता पेटला नाही, लुकलुकायला लागला. लगेच पाय काढला. लुकलुकणारा दिवा म्हणजे न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं पेटतंय. तसंच ताणलं तर तो महागडा भाग जळतो. कोड आला पी ०३०३, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पेट्रोल नीट पेटत नाही. का, ते कोड सांगत नाही.

तिथंच कडेला घेऊन तीनची कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीचा करंट देणारा भाग, एकला टाकली, एकची तीनला. कॉइल आणि प्लगमधले रबरी बूट मात्र जागेवरच ठेवले. परत चढ. परत ०३०३. कॉइल बिघडलेली असती तर कोड एक नंबरचा आला असता. म्हणजे कॉइल निर्दोष.

गॅरेजवर येऊन प्लग काढला. पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढी काळी रेघ. पाना तिरका लागून तडकला असावा. सपाटीला चालून जातं. चढाला सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, मग करंट त्या तड्यातून पळवाट काढतो. कॉइलच्या रबरी बुटातही आत तसलीच रेघ होती. नवा प्लग टाकून बूट जुना ठेवला असता, तर थोड्याच दिवसांत परत तेच. दोन्ही बदलले.

दिवेलागणीला तिसऱ्यांदा घाट चढलो. पार वरपर्यंत, एसी लावून. गाडी गुपचूप चढली.

सरांनी पैसे दिले आणि तो तडकलेला प्लग मागून घेतला. रुमालात गुंडाळून खिशात ठेवत म्हणाले, "आधी बालाजी. मग त्याच्याकडं जातो."